नानांच्या स्वेटरचं काय झालं

शकू, परवा तुझी गंधमुक्ती झाली. माणसांनी कपाळाला गंध लावून घेतलं, पंगती उठल्या, मी मागच्या अंगणात पत्रावळी गोळा करत होते. तेवढ्यात तुझा दीर, धुळ्याचे नाना, हात धुवायला नळावर आले. मंगल तांब्या घेऊन उभी होती. तिला म्हणाले, "बेटा, तुझ्या आईने माझा स्वेटर करायला घेतला होता. त्याचं काय झालं?"

तुझ्या पोरीचे डोळे अजून सुजलेले होते. आई जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते आणि हा माणूस स्वेटर विचारत होता.

तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. नानांवर राग आहेच, पण त्यांच्यावर किती रागावणार, ते पहिल्यापासून तसेच. खरा राग तुझ्यावर आहे. समोर असतीस तर तुला चांगली फैलावर घेतली असती. नाहीस, म्हणून हे लिहायला बसले. उलटून बोलता येत नाही म्हणजे सुटलीस, असं समजू नकोस.

जळगावात राहून लोकरीचं विणकाम करणाऱ्या आपण दोघी. सगळी कॉलनी हसायची. इथे थंडी ती किती, दिवाळीनंतर चार आठवडे पहाटे जरा हुडहुडी भरते, दुपारी पुन्हा पंखा. पण तुझ्या डोक्यात एकदा सुया शिरल्या आणि तू मला ओढलंस. दुपारी भांडी आवरली की मधल्या भिंतीवरून हाक यायची, "सिंधू, ये वं." मी लोकरीचा गुंडा घेऊन यायचे. तुझा गुंडा स्टीलच्या पातेल्यात असायचा, म्हणजे लोळत जाऊन धूळ लागायला नको. धागा ओढला की पातेलं किणकिण वाजायचं. ते वाजलं की माझ्या घरात कळायचं, शकूताई बसल्या.

आणि खरेदी! तुझ्याबरोबर लोकर घ्यायला जाणं म्हणजे शिक्षा होती. मार्केटमधला तो शेठ तुला बघितल्यावर आधी पाणी प्यायचा. तू लड्या घेऊन दुकानाबाहेर उन्हात जायचीस. "आत ट्यूबलाइटखाली काय कळतंय, शेठ? घालायचाय तो बाहेर." एक लडी कमी पडली आणि इथे त्याच लॉटची, अगदी त्याच छटेची मिळाली नाही, तर धुळ्याला. गर्द हिरव्या लोकरीसाठी आपण गेलो होतो ते आठवतं? धाग्याचा तुकडा सेफ्टीपिनने पदराला अडकवून तू एस.टी.त बसलीस. पारोळ्याला गाडी थांबली तर नेहमीप्रमाणे तुझ्या माहेरची एक बाई चढली आणि तुझ्या शेजारी बसायच्या आधीच म्हणाली, "शकूबाई, मना नातूले एक टोपी करी दे ना." तू लगेच त्या पोराच्या डोक्याचं माप विचारलंस. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. धुळ्याला चौथ्या दुकानात तो हिरवा मिळाला, उन्हात नेला, जुळला. तू रस्त्यात माझा दंड धरून हसलीस. तू तशी हसायला लागलीस की माझ्याच्याने रागावणं व्हायचं नाही. तेव्हा व्हायचं नाही. आता होतं.

तुला नाही म्हणता येत नव्हतं, हा तुझा रोग. सगळे म्हणतात काळीज बंद पडलं, मी म्हणते हाच रोग. कॉलनीतल्या निम्म्या पोरांच्या अंगावर तुझे स्वेटर. तुझ्या नवऱ्याच्या, भाऊंच्या ऑफिसातल्या साहेबाला हाफ स्वेटर. साहेबाच्या मेव्हण्याला मफलर. लोक लोकर आणून टाकायचे आणि वर सांगायचे, "तुम्हाला काय, बसल्या बसल्या होतं." बसल्या बसल्या! मानेत चमक भरायची तेव्हा तेल मी चोळायचे.

आणि एवढ्या सगळ्या वर्षांत मला एक स्वेटर केला नाहीस. एक. मी तोंडाने मागितला होता, आडून नाही. तू म्हणालीस, "तुला येतं की." येतं म्हणून काय झालं? जिला स्वयंपाक येतो तिने आयतं ताट कधी मागूच नये? यावर मी तुझ्याशी किती वेळा भांडले असेन. तू हसून टाके मोजत बसायचीस, म्हणजे मला गप्प बसावं लागायचं. टाके मोजणाऱ्या बाईशी बोलू नये हा नियम तूच केलेला.

आता त्या दुसऱ्या भांडणाचं काढते. ते मी विसरलेली नाही.

मंगलचं लग्न झालं, जावयाची पहिली दिवाळी. तू त्याच्यासाठी राखाडी स्वेटर विणायला घेतला होतास आणि तुझं मनगट सुजलं. दिवाळी तोंडावर. मी म्हटलं, पाठ मी करते, पुढचा भाग तू कर. तू नाइलाजाने हो म्हणालीस. मी घरचं फराळाचं बाजूला ठेवून पाठ विणून काढली. एक टाका चुकला नव्हता. तुला दिली, तू हात फिरवलास, "छान झालीय" म्हणालीस. दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन बघते तर पातेल्यात राखाडी गुंडा. माझी पाठ उसवलेली.

मी विचारलं, हे काय? तू रागावलीस किंवा मनापासून काही बोलायचं असलं की तुझी घरची बोली बाहेर यायची. म्हणालीस, "तुना हात न्यारा शे, मना हात न्यारा. लगेच दिसस."

मी म्हटलं, काही दिसत नाही. घट्ट काय, सैल काय, सगळ्यांचं विणकाम सारखंच. अंगात घातल्यावर कोण बघतं? तू म्हणालीस, "मी बघते." मी सुया उचलल्या आणि घरी आले. मग तू वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी घेऊन आलीस, माफी मागायला नाही, नुसतं भरीत द्यायला. मी ते खाल्लं. पण एका स्वेटरमध्ये दोन हात चालतात की नाही, हे आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे चालतात. तू म्हणायचीस नाही. पुढे चारचौघींत सुद्धा तू माझा तुकडा उचलून दाखवायचीस, "हा बघा, सिंधूचा हात. नखाला सुद्धा आत जागा नाही." आणि तुझा मऊ, मोकळा, हातात घेतला की आपोआप पसरणारा. मला ते कळत होतं. कबूल करायचं नव्हतं एवढंच.

मग या फाल्गुनात नाना आले. बद्रीकेदारच्या यात्रेला नाव दिलंय म्हणाले, तिथे बर्फ असतो, वहिनी, तुमच्या हातचा एक फुल स्वेटर पाहिजे. लोकर घेऊनच आले होते, मरून रंगाची. आणि तू ती मांडीवर घेतलीस. धुळ्यात काय स्वेटर मिळत नाहीत? हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला ढीग लागतात. पण नानांना वहिनीच्या हातचा पाहिजे होता.

शकू, जळगावचा उन्हाळा. डांबर चपलेला चिकटतं असा. त्यात मांडीवर लोकर. कूलरसमोर बसून तू हातांना पावडर लावायचीस, कारण घामाने धागा सरकत नव्हता. दोन ओळी झाल्या की थांबायचीस. मी विचारलं, काय होतंय? म्हणालीस, ऊन आहे. जिना चढून गच्चीवर कुरडया घालायला आलीस तेव्हा कठड्याला धरून उभी राहिलीस. ओठ कसे दिसत होते ते मी पाहिलं. त्याच दिवशी भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, तिलाच विचारा, ती ऐकते का कोणाचं? मी तुला रिक्षात घालून न्यायला निघाले होते, चप्पल सुद्धा तुझ्या पायापुढे ठेवली. तू ती पायाने बाजूला सारलीस आणि म्हणालीस, "हाऊ स्वेटर व्हऊ दे, मंग जासू."

स्वेटर झाला की जाऊ, हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. कोणाला सांगायची सोय नाही. लोक म्हणतात, काय नशीबवान, हातपाय चालते असताना गेली. मी ऐकून घेते. तुझ्यापुढे चप्पल ठेवली होती गं मी. पायात घालायची होतीस.

आणि शेवटी काय केलंस? नानांचं पोट सुटलेलं, तू माप नवीन घेतलंस, लोकर पुरेना. सकाळी मला म्हणालीस, सिंधू, एक लडी आणून दे, मी नाही येत उन्हात. तू लोकर घ्यायला येत नाहीस म्हणालीस, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की काय, असं आता कोणी म्हणेल. नाही. तू म्हणालीस कुरडया वाळत आहेत, त्यांच्याकडे बघायचंय. सरळ थाप मारलीस. मी धागा पदराला पिनने अडकवून गेले. शेठने उन्हाळ्यात लोकर माळ्यावर टाकलेली. त्याला शिडी लावायला लावली. मरून मिळाला, लॉट दुसरा. मी बाहेर उन्हात नेऊन बघितला, तुझ्यासारखा, डोळे बारीक करून. थोडा फरक होता. मनात म्हटलं, आता ही मला परत पाठवणार. कॉलनीच्या कोपऱ्यावर रिक्षातून उतरले तर तुझ्या दारात माणसं.

लडी हातात होती. कोणाला देणार होते?

असो. परवाचं सांगते, म्हणजे तुला कळेल मी काय केलं. कोणी तुला सांगणार नाही, सगळे म्हणताहेत सिंधूचं डोकं ठिकाणावर नाही.

नानांनी विचारल्यावर मंगल आत गेली आणि तुझी कापडी पिशवी घेऊन आली. आपण सगळे बसतो त्या पुढच्या खोलीत भाऊ होते, नाना होते, पाच-सहा बाया होत्या. मंगलने स्वेटर बाहेर काढला. पाठ पूर्ण झालेली, टाके बंद केलेले. पुढचा भाग सुईवरच, छातीपर्यंत आलेला. तू तो शेवटचे दिवस मला दाखवत नव्हतीस. मी आले की खालून गुंडाळून घ्यायचीस, वर नॅपकिन टाकायचीस. मला वाटायचं उन्हाने लोकर चिकटते म्हणून.

मंगल म्हणाली, "सिंधूमावशी पुरा करेल." तिला वाटलं, आईचं काम मावशीने पुरं केलं तर बरं वाटेल. तिचं काही चुकलं नाही. नाना म्हणाले, "हो हो, कोणीही केला तरी चालेल. विणकाम काय, सगळ्यांचं सारखंच. दोन बाह्याच तर राहिल्यात, आणि थोडं पुढचं. वीस दिवस आहेत गाडी निघायला."

सगळ्यांचं सारखंच. माझं वाक्य, शकू. राखाडी स्वेटरच्या दिवशी तुझ्या तोंडावर फेकलेलं, अगदी तेच. ते त्या माणसाच्या तोंडून ऐकलं आणि मला असं वाटलं की कोणी तरी तुला माझ्यादेखत ढकललं.

मी तो पुढचा भाग हातात घेतला, उलगडला, मांडीवर पसरला. बॉर्डर तुझी. तिच्यावर वीतभर तुझंच, मऊ, मोकळं. मग हळूहळू आवळत गेलेलं. टाके लहान, मग एकदम मोठे, मग पुन्हा लहान. एका ठिकाणी सुलट घालायचा तिथे उलट. एक टाका सुटून खाली गेलेला आणि तू तो उचललाच नव्हतास. तू, जिने माझी बिनचूक पाठ उसवली. तुझा जीव कसा कसा कमी होत गेला ते सगळं तिथे ओळीओळीने दिसत होतं. डॉक्टरला नाही दाखवलंस, भाऊंना नाही, मला नाही, आणि स्वेटरमध्ये सगळं विणून ठेवलंस. त्याच्यावर नॅपकिन टाकलास.

मी म्हटलं, "सारखं नसतं, नाना. हात वेगळा असतो. लगेच दिसतो."

ते हसले. "बद्रीनाथला कोण बघायला बसलंय, वहिनी?"

मी म्हटलं, "मी बघते." आणि सुई काढून घेतली.

टाके उघडे पडले. सगळ्या बाया पुढे सरकल्या, एकीने माझा हात धरला. मी धागा ओढला. सरसर उसवत गेलं. ते आजारी टाके नानांच्या पोटावर चढून बद्रीनाथला गेलेले मला बघायचे नव्हते. मला ते कुठेच बघायचे नव्हते. एकेक ओळ जात होती आणि मी तुला मनात शिव्या घालत होते, एवढ्या कधी घातल्या नसतील. ही ओळ घातलीस तेव्हा उठून डॉक्टरकडे जायचं होतंस. ही घातलीस तेव्हा सुद्धा वेळ होता. ही घातलीस तेव्हा मी शेजारी बसून कैऱ्या चिरत होते, तोंड उघडायचं होतंस. मांडीवर कुरळ्या धाग्याचा ढीग साचला. जिथे तुझा हात पुन्हा मोकळा लागला, चांगला लागला, तिथे थांबले.

नाना उभे राहिले होते. "अहो, हे काय चालवलंय? लोकर माझी आहे."

मी म्हटलं, "बसा. हात पुढे करा."

का कोण जाणे, ते बसले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी त्या कुरळ्या धाग्याची लडी त्यांच्या हातांवर गुंडाळायला लागले. लडी नीट झाली की धुऊन, ओझं बांधून वाळत घालायची, मग धागा सरळ होतो, तूच शिकवलंस. नानांचे हात भरून आले, खाली यायला लागले. मी म्हटलं, वर. त्यांनी वर केले. मग भाऊ उठून आले आणि नानांच्या हातांवरून लडी हळूच आपल्या हातांवर घेतली. म्हणाले, "तिच्यासाठी कधी धरली नाही मी. ती खुर्चीच्या पाठीला अडकवायची."

मला खूप बोलायचं होतं त्यांना. आत्ता सुचलं का, एवढंच मी म्हणाले. ते मान खाली घालून बसले होते, आणि लडी अगदी ताठ धरली होती. मी पुढे गुंडाळत राहिले. शेवटचा धागा गुंडाळून झाला तेव्हा मंगल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मी पण. त्यात रागाचं किती आणि दुसरं किती, मला विचारू नकोस.

नानांच्या लोकरीचे जे काय पैसे होते ते मी त्याच दिवशी त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी घेतले नाहीत. जाताना दारात म्हणाले, "शकूवहिनीला मी स्वेटर सांगायला नको होता का?" उत्तर त्यांचं त्यांनी शोधावं.

आता स्वेटर माझ्याकडे आहे. लोकर धुऊन वाळली, गुंडा केला, तुझ्याच पातेल्यात ठेवला. मंगलने ते मला दिलं. काल दुपारी भांडी आवरून मी बसले. भिंतीपलीकडून हाक आली नाही. तुझ्या चांगल्या ओळीवरचे टाके एकेक करून सुईवर घेतले आणि पुढे विणायला लागले. कोणासाठी म्हणशील तर माझ्यासाठी. तू केला नाहीस, मग असा घेते. नानांचं माप आहे, माझ्यासारख्या दोघी मावतील त्यात. मावू दे.

चार बोटं झालं. खिडकीशी उजेडात नेऊन बघितलं. खाली तुझं, वर माझं, आणि मध्ये रेघ. मी हात सैल सोडून बघितला, होत नाही माझ्याच्याने. लांबून सुद्धा दिसते. आंधळ्याला हाताने कळेल अशी आहे. इतकी वर्षं भांडले तुझ्याशी, तुझंच खरं निघालं.

मी ती तशीच ठेवणार आहे. पाठ तुझी, बॉर्डर तुझी, वर माझा घट्ट हात, आणि गळ्याशी ती दुसऱ्या लॉटची लडी. तुला एकही गोष्ट पसंत पडणार नाही. दिवाळीनंतर घालून कॉलनीभर फिरणार आहे, तुझ्या दारावरून सुद्धा.

नसेल बघवत तर ये, आणि उसव.